गाऱ्हाणं घालून काढलेला पंखा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात देवाला सगळ्यांत जास्त कामाला कोणी जुंपलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. इतर माणसं देवाकडे मुलीचं लग्न, म्हाताऱ्याचं दुखणं, कोर्टातली तारीख असली भारदस्त कामं घेऊन जातात. साडूभाऊ गॅसचा सिलिंडर बदलायचा झाला तरी आधी केळीच्या पानावर नारळ ठेवतात, हात जोडतात आणि गाऱ्हाणं घालतात. आमच्या भागात गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेला तोंडी अर्ज. एकाने उभं राहून कोर्टात दावा मांडावा तशी हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून अनुमोदन द्यायचं. हे वर्षाकाठी जत्रेला, पेरणीला, घराच्या पायाला घालायचं असतं. साडूभाऊ स्कूटरला किक मारण्यापूर्वी घालतात. एकदा एटीएममध्ये कार्ड सरकवण्याआधी त्यांनी असं काही रंगात येऊन गाऱ्हाणं घातलं की बाहेरची रांग काचेला नाक लावून ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागली. आत नोटांचा पत्ता नव्हता ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून ते मशीन आधी घंटा वाजवतं आणि मग नाही म्हणतं, असं साडूभाऊ शपथेवर सांगतात.

त्यांनी नवा मोबाईल घेतला तेव्हा मी स्वतः हजर होतो. मोबाईल पानावर, पानाशेजारी निरांजन, आणि साडूभाऊ डोळे मिटून: “बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो मोबाईल घरात इलो आसा, तेका पोरसातल्या फणसाच्या बुडात सुद्धा रेंज गावूं दे! तेची चार्जिंग दिवसभर ऱ्हवूं दे! आनी जो कोण ‘बँकेतसून बोलतंय’ म्हणान फोन करीत, तेची जीभ तेच्याच टाळ्याक चिकटूं दे!” आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि पेढे खाल्ले. दुसऱ्याच आठवड्यात खरोखरच कोणी तरी बँकेतून बोलला. साडूभाऊंनी त्याला मोबाईलवरच गाऱ्हाणं सुरू केलं. पलीकडचा माणूस बिचारा कुठल्या मुलखातला कोण जाणे, पहिल्यांदा ‘सर, सर’ करत होता. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून तो ताल धरून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागला. फोन शेवटी त्यानेच ठेवला, तोही नमस्कार करून. हे मी ऐकलं नाही, पण साडूभाऊंच्या अंगणात उभं राहून पाहिलं, असं मी माझ्या गावात, म्हणजे इब्रामपूरला, सगळ्यांना सांगत असतो.

गाऱ्हाण्याला आवाज लागतो, आणि तो देवाने साडूभाऊंना देताना माप मोडून दिला आहे. ते कानात कुजबुजले तर शेजारच्या माडावरचे बगळे उठतात. मोपाला विमानतळ होऊन विमानं उतरायला लागल्यावर आजूबाजूच्या गावांनी आवाजाबद्दल कुरकुर केली, साडूभाऊंच्या शेजाऱ्यांनी केली नाही. त्यांना फरकच जाणवला नव्हता. नोकरी होती तेव्हा ते कचेरीत कारकून होते. अर्जावर शिक्का असा हाणत की कागद, टेबल आणि टेबलाखालची मांजर अशा तिघांवर मिळून तो उमटे. हात तसाच राहिला, फक्त शिक्क्याच्या जागी मार्तेल आलं. मार्तेल म्हणजे हातोडा. पोर्तुगीज गेले, पण जाताना हा शब्द आणि हे हत्यार आमच्या साडूंकडे ठेवून गेले. दुसरं हत्यार त्यांच्या घरात नाही असं नाही, पण बाकीची हत्यारं मार्तेलाने दुरुस्त करून ठेवलेली असल्यामुळे वापरण्याजोगी नाहीत. जनेल, म्हणजे खिडकी, उघडत नाही, मार्तेल. नारळ सोलायचा आहे, मार्तेल. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय, त्यालाही हळूच एक मार्तेल. घड्याळ त्या दिवसापासून मागे पडत नाही, कारण ते चालतच नाही.

चूक ही गोष्ट साडूभाऊंच्या हातून होत नाही. ती आजूबाजूला कुठे तरी होते आणि ते नेमके तिथे उभे असतात. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे पूल. साडूभाऊंचं घर तेरेखोल नदीच्या अगदी काठाला, आणि नदीच्या पलीकडे सिंधुदुर्ग. पूर्वी पलीकडे जायचं तर होडी. त्यांच्या वडिलांची वल्ह्याची होती. साडूभाऊंनी फायबरची घेतली आणि तिच्यात एक जुनं डिझेल इंजिन बसवलं. मग पूल झाला. लोकांनी नारळ फोडले, फोटो काढले आणि होड्या पालथ्या घालून त्यांच्यावर वाल-पापड वाळत टाकले. साडूभाऊंनी मात्र पुलाशी बोलणं टाकलं. म्हणजे खरंच टाकलं. ते त्याचं नाव घेत नाहीत, ‘तो’ म्हणतात. “तो इलो आनी गावाचो आळस वाढलो.” “तो इल्यापासून नुस्त्याक चव नाय.” नुस्तं म्हणजे मासळी. होडी त्याच्या खालून न्यायची वेळ आली की ते डोळे मिटून घेतात आणि तो संपला असा अंदाज आला की उघडतात.

आता असा डोळे मिटून होडी हाकणारा माणूस कधी तरी खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, आपटणार, हे इब्रामपूरच्या काजूच्या बागेत जन्म काढलेल्या मलासुद्धा कळतं. पुलाच्या खालच्या अंगाला पाण्यात एक काळं खडप आहे. ते साडूभाऊंच्या पणजोबांच्या आधीपासून तिथे आहे आणि तिथून हलल्याची नोंद नाही. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर होडीच्या पंख्याचं एक पातं त्या खडपाला लागून गेलं. साडूभाऊ वल्हं मारत घरी आले आणि अंगणातून ओरडले, “तेणा माका ढकलल्यान!” ढकलणारा कोण हे विचारायची आवश्यकताच नव्हती.

इथे मला एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाही तर पुढचा सगळा आटापिटा वेडेपणा वाटेल. तसा तो होताच, पण विनाकारण नव्हता. साडूभाऊंची थोरली बहीण, आक्का, पलीकडच्या काठावर दिलेली. आमच्याकडे चवथीला माहेरहून मुलीच्या घरी ओझं जातं: नारळ, नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, भाजी, आणि गणपतीच्या डोक्यावर जी फळाफुलांची माटोळी बांधतात तिच्यासाठी काही तरी घरचं. लोकांकडे हे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला थाटात जातं आणि पुढे हळूहळू आटतं. आक्काला नातसुना आल्या तरी तिचं ओझं आटलेलं नाही. तिच्या माटोळीच्या मधोमध माहेरच्या पोफळीचा सुपारीचा घड लागतो, आणि तो चढल्याशिवाय त्या घरात माटोळीची दुसरी दोरी कोणी ओढत नाही. हा घड वडील होडीने नेत, त्यांच्यामागून साडूभाऊ नेतात. चवथीच्या आदल्या दिवशी, होडीनेच. होडी चालली नाही तर घड जाणार नाही, आणि घड गेला नाही तर आक्काचा गणपती उघड्या आढ्याखाली बसणार.

“आवो, पण तो पूल...” त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताई म्हणतो, ती दर दोन तासांनी हे वाक्य सुरू करी. “स्कूटर घेवन गेलास तर नेवऱ्यो गरम पोचतल्यो.”

“त्याच्यावरसून माजां ओझां जाऊचां नाय,” साडूभाऊ म्हणत.

“तेका काय ओझां जड होतला?”

“तुका ता समजूचा नाय गो!”

मलाही ते समजलं नव्हतं. मला वाटलं, नेहमीचाच हट्ट. चवथीच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो होतो, आणि पाहुण्याने यजमानाचं वेड वाढेल असं काही करावं, या रीतीला धरून मी म्हटलं, “चला, आपण पंखा बदलू.”

नवा पंखा म्हापशाहून आला. त्याच्याबरोबर नवा नटही आला, पिवळाधमक, सोनाराकडून आणल्यासारखा. होडीच्या पंख्याची रचना सोपी असते. इंजिनातून पाण्यात जाणारा लोखंडी दांडा, तो शाफ्ट. त्याचं टोक जरा निमुळतं, त्या निमुळत्या भागावर पंखा गच्च बसतो, आणि त्याच्या पुढे जे आटे पाडलेले असतात त्यांच्यावर नट पिळून पंखा आवळतात. बसवणं सोपं, पण वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेला पंखा काढणं म्हणजे सासरी रमलेल्या मुलीला माहेरी आणणं. डिचोलीला साडूभाऊंच्या ओळखीचा एक लेथवाला आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा बार्जचे शाफ्ट याच्याकडे येत. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “ठोकून सुटतलो. पण आयक, नट सगळो काढू नको हां! सैल करून टोकाबरोबर हाडून ठेव, आनी मार पडूंदे नटाचेर. उघड्या आट्यांचेर मारशी तर शाफ्ट गेलो.” हे त्याने दोनदा सांगितलं. साडूभाऊंनी दोनदा ‘हां हां’ म्हटलं. फोनवर ‘हां हां’ म्हणताना ते नेहमी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत असतात, आणि ती गोष्ट बहुधा नारळ असते.

सुकती लागली, पाणी उतरलं, होडी काठाच्या चिखलावर कलून बसली. मंडळी जमली. मंडळी म्हणजे मी, आणि शेजारचा बाबलो. बाबलो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक परसात उभा राहिला, आणि त्याच्या दंडातली ताकद घरात बसून नुसती कुजत होती. शिवाय तो भाविक. इतका भाविक की सिनेमात आरती लागली तर उभा राहतो. साडूभाऊंनी मार्तेल त्याच्या हाती दिलं, मला छत्री दिली, कारण पाऊस भुरभुरत होता, आणि चिखलात एका चिऱ्यावर केळीचं पान मांडलं. नारळ ठेवला, पानविडा ठेवला. मग शाफ्टकडे गेले, नट पिळून पिळून पुरता काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि नारळाशेजारी पानावर ठेवून त्याला कुंकू लावलं.

“साडूभाऊ,” मी म्हटलं, “लेथवाल्याने नट काढू नको म्हणून सांगितलंय.”

“मगे देवाक काय दाखवूं? रिकामां पान?” त्यांनी मलाच झापलं. “ज्याचां काम ताच देवासमोर नाय, तर देव बघतलो खंय?”

गाऱ्हाणं सुरू झालं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाबलो गर्जला, आणि त्या गर्जनेच्या भरात त्याच्या हातातलं मार्तेल आपोआप वर गेलं आणि शाफ्टच्या उघड्या टोकावर ठण्णकन पडलं.

तो मुद्दाम मारायला गेला नव्हता. इतक्या वर्षांची सवय अशी की ‘व्हय’ म्हणताना त्याचं अख्खं अंग ‘व्हय’ म्हणतं. हात जोडलेले असते तर ते कपाळाला लागले असते. हातात मार्तेल होतं, ते शाफ्टला लागलं. पण साडूभाऊंनी एक डोळा किलकिला करून पाहिलं, आणि त्यांना दिसलं की पंखा केसभर हलला. बस्स. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, मार्तेलाने हलला. साडूभाऊंना गाऱ्हाण्याने हलला हे इतकं स्वच्छ दिसलं की त्यांनी आवाज चढवला.

“आज जो काय ह्यो पंखो शाफ्टार घट्ट बसलो आसा...”

“व्हय म्हाराजा!” ठण्ण!

“तो कोणाच्या नजरेन, कोणाच्या जळफळाटान, नायतर त्या मेल्या पुलाच्या करणीन बसलो आसात...”

“व्हय म्हाराजा!” ठण्ण!

“तर ती करणी मोडून, तोडून, बारा वाटेन घालवन टाक, आनी ह्यो पंखो सुटो कर!”

“व्हय म्हाराजा!” ठण्ण!

“साडूभाऊ, आटे!” मी ओरडलो. पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलणाऱ्याचं नावही गाऱ्हाण्यात जातं. “आनी जो कोण मदीच अपशकून करता...” एवढं ऐकल्यावर मी गप्प राहून नारळावर छत्री धरली. त्यानंतर साडूभाऊंनी गावचे देव, सीमेवरचे देव, पलीकडच्या काठाचे देव, वडाखालचे, तळ्याकाठचे, ज्यांची नावं ते स्वतःही विसरले होते ते ‘जे कोण ऱ्हवले आसतीत ते’, अशा सगळ्यांना बोलावलं. प्रत्येक देवामागे एक ठण्ण. आमचा मुलूख देवांच्या बाबतीत श्रीमंत आहे. बाबलोच्या अंगातून घाम आणि भक्ती एकदमच गळत होती. शेवटी पंखा सुटला आणि चिखलात पडला, आणि साडूभाऊंनी साष्टांग नमस्कार घातला.

उठून पाहतात तो शाफ्टच्या टोकाला आटे नाहीत. पावसाळ्यात वारुळावर अळंबं उगवावं तसं लोखंडाचं एक गोल, मऊसर दिसणारं छत्र तिथे फुललं होतं. सगळ्या होडीत फक्त एक वस्तू शाबूत होती, ती म्हणजे तो जुना नट. कारण तो पानावर बसून पूजा करून घेत होता.

“लोखांडच कच्चा,” साडूभाऊ म्हणाले.

लेथवाल्याला पुन्हा फोन लागला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ‘नट पानार?’ असं दोनदा विचारलं. आम्हाला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, “शाफ्ट काडून घेऊन ये. चवथ जातकच बघूया.” चवथीनंतर! आमच्याकडे चवथीच्या आठवड्यात गोव्याचं राज्य गणपती चालवतो, बाकी सगळं बंद असतं. आम्ही स्कूटरवरून म्हापसा पालथं घातलं. एका वर्कशॉपमध्ये लेथला हार घातला होता. दुसऱ्यात लेथवरच मखराची पट्टी कापत होते. तिसऱ्यात माणूस म्हणाला, “शाफ्ट खंय आसा?” आम्ही म्हटलं, होडीत. त्याने विचारलं, “आनी होडी?” आम्ही म्हटलं, चिखलात. तो चहा प्यायला गेला.

मग गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. वल्ही मार, असं एकाने सांगितलं; भर पावसाळ्याच्या पाण्यात साडूभाऊंच्या वयाला ते झेपणारं नव्हतं. दुसऱ्या कोणी होडीवाल्याला सांग, तर ज्या होड्या होत्या त्यांच्यावर पापड होते. कोणी म्हणालं, पंखा वेल्डिंग करून कायमचा चिकटवून टाक. हा सल्ला साडूभाऊंना इतका आवडला की त्यांना आवरताना माझी पुरेवाट झाली. आणि ताई दर दोन तासांनी म्हणत होती, “आवो, पण तो पूल...”

एका संध्याकाळी मी पाहिलं, साडूभाऊ ओसरीवर त्या सुपारीच्या घडाजवळ बसले होते. घड सकाळीच उतरवला होता, हिरव्यापिवळ्या सुपाऱ्यांनी लगडलेला. ते त्याच्यावरची एक-एक मुंगी बोटाने बाजूला करत होते. तोंडाने काही चाललं नव्हतं. अख्ख्या परसात त्यांचा आवाज नाही, हे इतकं चमत्कारिक वाटलं की ताई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशीच्या सुकतीला मात्र ते पुन्हा मूळपदावर आले. कानशीने त्यांनी ते अळंबं घासून काढलं आणि नवा पिवळा नट घेऊन टोकावर दाबला. तो बसेना. मग अर्थातच मार्तेल. नट तिरका होऊन अर्धा आटा आत गेला आणि तिथे असा रुतला की पुढे जाईना, मागे येईना. साडूभाऊंनी त्याला शिव्या घातल्या, बाबलोने पान्याला लोंबकळून पाहिलं, पान्याची मूठ वाकली. साडूभाऊंचा पारा चढला. ते घरात गेले, हॅक्सॉ आणला आणि त्या नटाला उभा कापायला लागले. दुरुस्ती वगैरे काही नाही, शुद्ध सूड. “माज करता? माज?” असं म्हणत एका बाजूने कापला, मग दुसऱ्या बाजूने कापला. नटाची दोन शकलं झाली. एक चिखलात पडलं. दुसरं शाफ्टवरून घरंगळत मागे गेलं, जिथे पंख्याच्या आड राहिलेले आटे अजून धड होते, आणि तिथे अलगद, दात दातांत जाऊन बसलं.

आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

“दुसरा अर्धा द्या,” मी म्हटलं. तो वरून लावला, तोही बसला. म्हणजे पुढचे आटे ठेचलेले, मागचे चांगले. आणि चांगल्या आट्यांवर आता नटाची दोन भाकलं मिठी मारून बसलेली. ती आवळून धरली आणि पिळत बाहेरच्या दिशेने आणली, तर जाताजाता ती ठेचलेल्या आट्यांना वळण लावत येणार. आत शिरायला वाट नव्हती, पण आतून बाहेर यायला होती.

“माजो बेतच तो होतो,” साडूभाऊ म्हणाले. क्षणाचाही विलंब नाही, चेहऱ्यावर सुरकुती नाही. आजही ही गोष्ट निघाली की ते सांगतात, नट मी कापलाच त्यासाठी.

पण दोन शकलांना आवळून धरायला काही तरी हवं. पाईपला लावतात तसली क्लिप. ती घरात एकाच ठिकाणी होती, गॅसच्या नळीला, आणि त्या गॅसवर ताई नेवऱ्या तळत होती.

“हात लावशात तर बघा!” आतून आवाज आला. “आदी नेवऱ्यो, मगे होडी!”

“नेवऱ्यो खाणार कोण? आक्काच ना? मगे होडी नाय तर नेवऱ्यो पोचतल्यो कश्यो?”

“त्या पुलावरसून!”

शेवटी शेवटची नेवरी कढईतून निघाली, गॅस बंद झाला, क्लिप चिखलात आली. साडूभाऊ पान्याने एक पाव फेरा पिळत, थांबत, खोबरेल सोडत, पुन्हा थोडं मागे घेत, पुन्हा पुढे. मार्तेल बाबलोकडे होतं आणि बाबलोला मी मुद्दाम माडाच्या पलीकडे उभं केलं होतं. करकर आवाज करत भाकलं बाहेर आली. साडूभाऊंनी आट्यांवरून अंगठा फिरवला. बाळाच्या हिरडीवर दात आला का बघतात, तसा.

नवा पंखा चढवला. आता नट? नवा तर कापलेला. जुना देवघरात, कुंकू लावलेला, फूल वाहिलेला. देवाला दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे रीतसर गाऱ्हाणं आलंच. मी एकच अट घातली, गाऱ्हाणं संपेपर्यंत कोणाच्याही हातात काहीही असणार नाही. साडूभाऊंनी देवाला सांगितलं की नट उसना हवा आहे, होडी पाण्यात आहे तोवर तो देवाचाच, फक्त मुक्काम शाफ्टवर. आम्ही मोकळ्या हातांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. नट आट्यांवर ठेवला, बोटांनीच फिरवला, आणि तो गेला, शेवटपर्यंत गेला. साडूभाऊ नाकातून एकदा जोरात श्वास घेऊन दुसरीकडे बघायला लागले.

चवथीच्या आदल्या दिवशी भरतीबरोबर आम्ही निघालो. साडूभाऊ सुकाणूला, मी पुढे, मांडीवर सुपारीचा घड, पायांशी ओझ्याची टोपली. पूल जवळ आला. “खडपार नदर ठेव,” म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत राहिलो आणि आम्ही सुखरूप खालून गेलो. वर गाड्या धडधडत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “साडूभाऊ, खरं सांगा, स्कूटरने गेलो असतो तर काय बिघडलं असतं?”

पूल संपला असा अंदाज घेऊन त्यांनी डोळे उघडले. मग मी त्यांचा जो आवाज कधी ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाले, “आक्काक आता दिसणा नाय रे. उजेड-काळोख तेवढो समजता. रस्त्यान गाड्यो जातत त्या सगळ्यो एकसारख्यो. होडयेचो आवाज मात्र ती वळखता. होडी वळणार आसताना आयकता आनी उठता, पदर सारको करता, चाय ठेवूक सांगता, धक्क्यार येवन बसता. स्कूटरीन गेलंय तर मी एकदम दारात. तिका वाट बघूक गावणा नाय.”

वळण आलं. पलीकडे धक्का दिसला, आणि धक्क्याच्या पायरीवर आक्का. पांढरं लुगडं, मांडीवर हात. इंजिन जोरात चाललं होतं. आक्का हलली नाही. तिने मानही वळवली नाही. कोणाची तरी दुसऱ्याची होडी चालली आहे, जाऊ दे, अशी बसून राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवा पंखा, तीन पात्यांचा. जुना दोन पात्यांचा होता. आवाज पूर्वीचा राहिलाच नव्हता.

साडूभाऊंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी इंजिन बंद केलं. नदी एकदम शांत झाली. नुसतं फळीला लागणारं पाणी. ते उभे राहिले. ज्या गळ्याने मोपाची विमानं लाजवली होती, त्याला पहिल्या खेपेला सूर लागेना. मग त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

आक्काची मान वर झाली. मग पाण्यावरून एक बारीक, चिरका, म्हातारा आवाज आला.

“व्हय म्हाराजा...”

“ही जी काय तुजी लेक ह्या धक्क्यार बसलेली आसा...”

“व्हय म्हाराजा!” ती उठायला लागली होती, एक हात भिंतीवर, दुसरा पदरावर.

“तिच्या माह्यारचो घड घेवन, तिचो भाव इलेलो आसा...”

“वेळ करून इलो, म्हाराजा!” आक्का म्हणाली, आणि हसली.

पुढचं वाक्य मागण्याचं असतं. ‘तेका सुखी ठेव’, ‘तेची इडापिडा टाळ’, ‘भरभराट कर’, जे काय हवं ते गाऱ्हाण्यात तिथे मागतात. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तयार होऊन बसलो होतो. पण साडूभाऊ नुसतेच हात जोडून उभे राहिले. इंजिन त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही, वल्ह्यालाही हात लावला नाही. आक्का पायरीवर उभी होती, आवाज आला त्या दिशेला तोंड करून, आणि भरती आमची होडी हळूहळू तिच्याकडे नेत होती.